गोठ्यातला समुद्र

"ताई, समुद्र आणलाय. कुठं ओतू?"

टेंपोवाले भाई दर वेळी हेच विचारायचे आणि दर वेळी शेजारपाजारचे हसायचे. टेंपोत निळी पिंपं दाटीवाटीनं उभी असायची, तोंडाला प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधलेला, आणि आत रेवदंड्याकडून भरतीच्या वेळी भरून आणलेलं स्वच्छ खारं पाणी. खालापूर तालुक्यातलं आमचं गाव भाताचं. इथं सिमेंट येतं, खत येतं, लग्नाला बँड येतो. समुद्र कधी आला नव्हता. भाई कर्जतचे. त्यांचे पणजोबा किनाऱ्यावरून इकडं व्यापाराला आले आणि इथलेच झाले, पण मासळीच्या बाबतीत भाईंचं नाक अजून किनाऱ्यावरच होतं. पिंपाचा कागद सोडताना ते आधी छाती भरून वास घ्यायचे. मीही घ्यायची. मी तर थेट किनाऱ्यावरचीच मुलगी.

लग्नाआधी मी किनाऱ्यावरच्या एका मत्स्यबीज केंद्रात कामाला होते. मासळीचं आणि कोळंबीचं बी तयार करायचं, पाणी तपासायचं, पिल्लं मोजायची, हे माझं काम. लग्न होऊन या गावात आले. नवरा खोपोलीच्या कारखान्यात, घरी सासूबाई, मागं नदी, आणि समुद्र कुठंच नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी नुसती धुमसत काढली. मग एक दिवस सासूबाईंनी घरामागचा शेळ्यांचा रिकामा गोठा दाखवला आणि म्हणाल्या, "तुजं ते पाण्याचं काय असंल ते हितं कर. घरात भांडी आपटू नको."

मला गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी करायची होती, निळ्या नांग्यांची. तिची एक गंमत आहे, आणि ती गंमत मला इतक्या वर्षांनीही खरी वाटत नाही. ही कोळंबी नदीत वाढते, नदीतच मोठी होते, पण तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. अंडी पोटाशी धरली की मादी पुराच्या पाण्याबरोबर खाली खाली जाते, खाडीच्या तोंडाशी, जिथं नदी आणि समुद्र एकमेकांत मिसळतात तिथं. पिल्लं तिथं सुटतात. थोडी मोठी झाली की ती प्रवाहाच्या उलट दिशेनं नदी चढत येतात, ज्या नदीत ती कधी गेलेली नसतात तिथं. त्यांच्या आईनं त्यांना वाट दाखवलेली नसते. आई कधीच निघून गेलेली असते.

म्हणून मला टेंपोतून समुद्र आणावा लागत होता. एक भाग समुद्र आणि दोन भाग आमच्या विहिरीचं पाणी.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. त्या कशेळ्याकडच्या डोंगरकुशीतल्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा मागच्या पाताळगंगेत दगडाखाली हात घातला की झिंगा, म्हणजे हीच कोळंबी, लागायचा, असं त्या सांगायच्या. नव्या नवरीला तो धरता येईना, नांगी लागून बोटातून रक्त आलं, आणि त्यांच्या सासूनं हसून हसून अख्ख्या वाडीला बोलावून दाखवलं. आता खाली बंधारे झालेत. वर खोपोलीच्या वीजघरातून सुटणारं पाणी उन्हाळ्यातही वाहतं, पण त्या पाण्यात झिंगा नाही. तो का नाहीसा झाला हे मी त्यांना समजावलं, त्याची वाट अडली म्हणून. त्या भडकल्याच. "आमच्या नदीचा झिंगा दर्याचा कशाला असंल? आमच्याच नदीचा तो."

मग भाईंनी खाडीच्या बाजूनं पहिली मादी आणून दिली, ओल्या गोणपाटात गुंडाळून. मी तिला काचेच्या टाकीत सोडलं. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस आणि त्या घोसाला ती मागच्या लहान पायांनी सतत वारा घालत होती, एक क्षण थांबत नव्हती. एखादं अंडं खराब झालं की पुढच्या बारीक पायानं अलगद वेचून टाकून द्यायची, तांदळातला खडा काढावा तशी. सासूबाई टाकीसमोर पाटावर बसून राहिल्या. स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी उठल्या नाहीत. "ही बाळंतीन हाय गं," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून तिच्या टाकीला रोज सकाळी पहिला हात त्यांचा लागायला लागला.

माझ्या पिल्लांच्या पहिल्या दोन खेपा मेल्या. दोन्ही अगदी शेवटी, पिल्लं नदीच्या पाण्यात जायला तयार होणार त्याच सुमाराला. एकदा सगळी रात्रीतून गेली, एकदा हळूहळू कमी कमी होत संपली. ही पिल्लं एकमेकांना खातात, त्यामुळे प्रेतं तरी किती सापडणार. रिकामं पाणी तेवढं उरलं. दुसऱ्या खेपेनंतर किनाऱ्यावरच्या माझ्या जुन्या केंद्रातून फोन आला. जागा रिकामी होती, मला ओळखत होते, गणपती झाले की रुजू हो म्हणाले. मी घरात सांगून टाकलं: ही तिसरी खेप साधली तर इथंच. नाही साधली तर मी किनाऱ्यावर खोली घेऊन राहीन, शनिवार-रविवार येईन. नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. सासूबाईंनी मान वर केली नाही. भाजी निवडत होत्या, ती निवडत राहिल्या. मला त्याचा राग आला होता हे मी लपवत नाही. मला वाटलं, यांना काय फरक पडतोय.

तिसरी मादी आषाढात प्रसवली, पिल्लांसाठी ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत. एका सकाळी अंड्यांचा घोस दिसेना, आणि पाण्यात काहीतरी धूर झाल्यासारखं दिसलं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाला धरलं. धूर नव्हता, पिल्लं होती. डोळ्यांचे दोन काळे ठिपके, बाकी सगळं पारदर्शक. आणि सगळी उलटी. ही पिल्लं पोट वर करून, डोकं खाली धरून, शेपटीच्या दिशेनं पोहतात. हे मी किनाऱ्यावर हजार वेळा पाहिलं होतं. पण गोठ्यात, जिथं भिंतीला अजून शेळ्यांचे खुंटे होते, तिथं ते पाहताना अंगावर काटा आला. माझ्या हातातल्या पेल्यात एक गाव उलटं चालत होतं.

त्यांना पहिलं खाणं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला एक बारीक जीव. टिनच्या डब्यात तपकिरी पूड येते, हुंगली तर कोरडी, चिमटीत धरली तर धूळ. खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी ती धूळ जिवंत होऊन पोहायला लागते. सासूबाईंनी तो डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "ह्ये मेलेलं व्हतं?" म्हणाल्या. मेलेलं नव्हतं, झोपलेलं होतं, मी म्हटलं. "किती वर्सं?" डब्यावर ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी डबा देवघराच्या फळीवर नेऊन ठेवला, आणि तो मला रोज तिथून काढून आणावा लागायचा.

पिल्लं थोडी वाढली की त्यांना अंड्याचं खाणं लागतं. अंडी फेटून, दुधाची पूड घालून वाफवायची आणि बारीक चाळणीतून पाण्यात घासायची. आणि नेमका श्रावण लागला. गटारी झाली की आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. मी मनात म्हटलं, संपलं, आता यावरून महाभारत. पण सासूबाईंनीच घरामागं पत्र्याखाली तीन दगडांची चूल मांडली, जुना इडलीपात्राचा कुकर काढला आणि नाकाला पदर लावून स्वतः अंडी वाफवायला बसल्या. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, सरावनात अंडी?" सासूबाई म्हणाल्या, "सरावन माजा हाय. पोरांचा नाय. ल्हान पोरांना कोन उपाशी ठेवतं का?" आणि ते वाफवून झाल्यावर रोज डोक्यावरून आंघोळ करून मगच घरातल्या चुलीशी जायच्या.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी पेल्यातली पिल्लं कमी दिसायला लागली.

रोज सकाळी टाकीतून पेला भरायचा, उजेडाला धरायचा, डोळ्यांनी अंदाज घ्यायचा, ही माझी पद्धत. तोवर पेला भरलेला असायचा. मग एक दिवस विरळ वाटला. दुसऱ्या दिवशी आणखी. आमच्याकडं पावसात पाणी गार, त्यामुळे पिल्लांना रूप पालटून तरंगणं सोडायला श्रावण सरेपर्यंत वेळ लागेल असा माझा हिशेब होता. म्हणजे आता कमी होण्याचं एकच कारण होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, माझं तर ताकानंही पोळलं होतं. मी तळ पाहिला, प्रेतं फारशी नव्हती. म्हणजे खाल्ली. दुसऱ्या खेपेला असंच झालं होतं. मी कुणाला काही बोलले नाही, पण माझा चेहरा काय लपणार. अंड्याची वाटी देताना सासूबाई विचारायच्या, "खात्यात ना?" मी मान हलवायची.

पौर्णिमेच्या सकाळी गोठ्यात गेले आणि दारातच थिजले. टाकीच्या मधोमध नारळ तरंगत होता. चांगला मोठा, वरची साल तेवढी काढलेली, काथ्या सगळा तसाच, शेंडीसकट. त्यावर हळद, कुंकू, एक जास्वंद. हवेच्या बुडबुड्यांवर तो डुलत होता आणि कुंकवाची लाल रेघ पाण्यात पसरत होती. हल्लीचं कुंकू म्हणजे रंग. मी हात साबणानं धुऊन, पुन्हा गोड्या पाण्यानं धुऊन मग टाकीत घालायची, घरात कुणी मच्छरांची उदबत्ती लावली तर भांडायची, आणि इथं कुंकू.

सासूबाई मागंच उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून, हातात पूजेचं ताट.

"हा कुणी टाकला?" मी विचारलं, जणू काही गावात दहा संशयित होते.

"टाकला नाय. सोडला," त्या म्हणाल्या. "आज पुनव हाय."

"आई, नारळ कोळी लोक सोडतात. समुद्राला. आपण भात पिकवणारी माणसं, आपण देवापुढं फोडतो आणि नारळीभात करतो."

"दर्या लांब व्हता तवा फोडला. आता दर्या आपल्या गोठ्यात आलाय. घरी आलेल्याला तसाच ठेवायचा?"

"हा दर्या नाही! पिंपातलं पाणी आहे!"

"तूच तर म्हनतीस, समुद्र आला, समुद्र आला."

सासूला बोलता येत नाही म्हणून मी नारळाला बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं कळलं की भाईही कटात होते. सोललेला नको, काथ्यासकट पाहिजे, असं सांगून सासूबाईंनी तो त्यांच्याकडून रेवदंड्याहून मागवला होता.

मी वाटीनं वरचं लाल पाणी उपसलं, फूल काढलं, उरलेल्या पिंपातलं पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळून टाकीत भर घातली. नारळ काढायला हात घातला तर त्या पुढं आल्या. "सोडलेला नारळ लगेच भायेर काढत नायत. दिस मावळंपर्यंत ऱ्हाऊ दे. येवढं ऐक माजं." एरवी ऐकलं नसतं. पण तशीही ही खेप गेलीच होती. मनातून मी पिंपं भाईंना परत देऊन टाकली होती. राहू दे म्हटलं.

दुपारी नारळीभात झाला. मी तो पानात नुसता चिवडत बसले. तेवढ्यात किनाऱ्यावरून फोन आला, नक्की येतेस ना म्हणून. मी ओटीवर जाऊन बोलले. "येईन बहुतेक. उद्या नक्की कळवते." आत आले तेव्हा सासूबाई माझ्या पानात तूप वाढत होत्या. त्यांनी ऐकलं होतं, कारण तूप वाटीभर पडलं होतं.

दिवस मावळायला आला तशी मी टाकी रिकामी करायच्या तयारीनं गोठ्यात गेले. आधी नारळ काढावा म्हणून दोन्ही हातांनी उचलला. तळहाताला काहीतरी टोचलं. टोचलं म्हणजे सुई नव्हे, मुंग्या चालल्यासारखं. वाटलं पाण्यात भिजून काथ्याच हलतोय. उजेडाकडं नेला आणि बघते तर काथ्याच्या प्रत्येक दोऱ्यावर, दोऱ्यांच्या आत, शेंडीच्या टोकापर्यंत, कोलम तांदळाच्या दाण्याएवढे पारदर्शक जीव बसले होते. बसले होते. पाठ वर, पाय खाली, तोंड पुढं. लांबच लांब मिशा हवेत चाचपडत होत्या.

मी नारळ परत पाण्यात ठेवला, इतका हळू की माझेच हात मला परके वाटले. मग ओरडले, "आई!"

साप निघाला असं समजून त्या काठी घेऊन धावत आल्या.

आम्ही दोघी टाकीवर वाकलो. मी बॅटरी भिंतीवर धरली. आमची टाकी आतून काळी, आणि मी रोज वरून उजेडात येणारी पिल्लं तेवढी पाहत होते. काळ्या भिंतीवर सगळीकडं ती होती. पेल्यातून जेवढी नाहीशी झाली होती तेवढी सगळी भिंतीला धरून बसली होती. काही आमच्यासमोर बदलत होती. एखादं उलटं, शेपटीकडून पोहत यायचं, मध्येच थबकायचं, एक झटका द्यायचं, आणि जुनं कातडं मागं सोडून सुलटं होऊन पुढं निघायचं. तोंडाच्या दिशेनं. आयुष्यात पहिल्यांदा पुढं.

"सुलटी झाली गं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मला रडू आलं. खेप वाचली म्हणून आलंच, पण तेवढ्यासाठी नाही. महिनाभर उलटं जगलेल्या जिवाला एका क्षणी कळतं की आता सरळ व्हायचं, काहीतरी धरायचं, आणि इथून पुढं गोड्या पाण्याकडं जायचं. नदी त्यानं पाहिलेली नाही. तो शेळ्यांच्या गोठ्यात, प्लॅस्टिकच्या टाकीत जन्मलाय, आणि तरी नदीची तयारी करतो. मी किती पुस्तकं वाचली, किती टाक्या धुतल्या, मला यातलं फक्त वर्णन येतं. सासूबाईंनी टाकीला हात जोडले. मी जोडले नाहीत, माझ्या हातात बॅटरी होती. पण मनात त्याहून वेगळं काही नव्हतं.

पिल्लांना धरायला आणखी काहीतरी हवं होतं, नाहीतर ती एकमेकांना खातील. संध्याकाळी सासूबाई ज्यांच्या दारी माड होते त्या घरोघरी फिरल्या आणि पाटी भरून नारळाची सोडणं, काथ्याच्या साली, घेऊन आल्या. त्या दिवशी कुणाकडं नारळ नव्हता असं घर नव्हतं. आम्ही ती उकळून, धुऊन, दोऱ्यांना बांधून टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. गोठ्यातून केला. घरात कुणाला सांगितलं नाही.

पुढचे दिवस पाणी गोडं करण्यात गेले. खारं थोडं काढायचं, विहिरीचं थोडं घालायचं. घाई केली की मरतात. "नव्या सुनंवानी," सासूबाई म्हणाल्या. "एकदम सगळं आमचंच नाय पाजायचं." मी चमकून बघितलं, तर त्या सोडणं चाचपत होत्या.

गणपतीच्या आधी बी तयार झालं. शेततळीवाले दोघे-तिघे केव्हाचे थांबले होते, ते पिशव्या भरून घेऊन गेले. पण पहिली कळशी सासूबाईंची होती. नदी भरून वाहत होती, म्हणून आम्ही बांधाच्या कडेनं ओहोळापाशी गेलो, जिथं पाणी संथ होऊन नदीला मिळतं. त्यांनी पदर खोचला, पाण्यात उतरल्या आणि कळशी आडवी केली. पिल्लं बाहेर आली, क्षणभर घोटाळली. मग सगळ्यांनी तोंडं वळवली. पाणी खाली चाललं होतं, आणि ती तांदळाएवढी पोरं वर निघाली. दगडाला धरत, गवताला धरत, वर. आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिलो.

"आई," मी विचारलं, "नारळ सोडताना काय मागितलंत? झिंगे नदीत येऊ देत म्हणून?"

"झिंग्यांचं मला काय गं," त्या पाण्याकडंच बघत म्हणाल्या. "दर्याला म्हटलं, ही तुजी पोर हाय, खरं हाय. पन आता आमच्याकडं रुळलीय. तिला माघारी नको बोलवू. एवढा नारळ घे."

मी रिकामी कळशी त्यांच्या हातातून घेतली. बांध चढताना त्यांनी माझा दंड धरला.

"पुढल्या साली सोलूनच आनते नारळ," त्या म्हणाल्या. "आन कुंकू नाय लावत."

"सोलू नका," मी म्हटलं. "असाच आणा. कुंकू तेवढं थोडं कमी."